लग्नाची व्हेल: घरी करावी, जुनी मिळवावी की भाड्याने आणावी? (बजेट अगदीच कमी)

अर्धवट_टाका
नमस्कार मंडळी. लग्न तीन महिन्यांवर आलंय. ड्रेस शिवून आला, अंगाला बसलाही (हा चमत्कारच). आता राहिली डोक्यावरची व्हेल. ड्रेसने ठरवलेले पैसे केव्हाच खाऊन टाकलेत, त्यामुळे व्हेलसाठी जे उरलंय त्याला बजेट म्हणायची मलाच लाज वाटते. दुकानात एक आवडली होती, मागे जमिनीवर लोळणारी, कडेला सगळीकडे लेस. किंमत ऐकून मी ती इतक्या अलगद परत ठेवली की बघणाऱ्याला वाटलं असेल, काय जपते ही मुलगी.

शेवटी आहे काय त्यात? जाळीचा एक तुकडा आणि एक फणी. एवढे पैसे कशाचे घेतात? घरी जमेल का? शिवणाचं ज्ञान नावाप्रमाणेच आहे: बटण लावते, उशांचे अभ्रे शिवलेत, मशीन घरात आहे पण आमचं फारसं पटत नाही.

ड्रेस ऑफव्हाइट, साधा, पाठीवर लेसचं काम, मागे शेपूट नाही. लग्न बागेत, दुपारी. केसांचा मानेजवळ अंबाडा. उंची पाच फूट दोन. कृपया सल्ले द्या, आणि 'एकदाच तर लग्न होतं' हा सल्ला सोडून द्या, तो घरून मोफत मिळतोय.

उगाचच
शीर्षक वाचून वाटलं मत्स्यालयाचा धागा आहे. घरी व्हेल ठेवायचा तर टाकी केवढी लागेल, असा विचार करत आत आलो.

अर्धवट_टाका
'वेल' लिहिलं असतं तर बागकाम विभागात हलवला असता. काहीही लिहिलं तरी पंचाईतच.

शिंपीणकाकू
अगं, पैसे जाळीचे नसतात, कडेचे असतात. पंचवीस वर्षं शिवणकाम करतेय, हिशेब दर वेळी तोच निघतो. कड न केलेली साधी व्हेल म्हणजे एका दुपारचं काम. तिलाच लेस लावायची म्हटलं की दोन-तीन दिवस जातात, कारण जाळी मशीनखाली सरकते, ताणते, आणि लेस गोळा होऊन बसते. मग हातानेच लावावी लागते.

लेस किती लागते तेच बघ. बोटांच्या टोकापर्यंत येणारी व्हेल धर, ४२ इंच लांब आणि ७२ इंच रुंद. दोन बाजू आणि खालची कड मिळून १५६ इंच, म्हणजे चार मीटरला जरा कमी. आता तुला आवडलेली लोळणारी घे, १२० इंच लांब आणि १०८ इंच रुंद. कड ३४८ इंच, पावणेनऊ मीटरच्या वर. जाळी सव्वा मीटरच्या जागी सव्वातीन मीटर घ्यावी लागली, त्याचं एवढं काही नाही. पण लेस दुपटीहून जास्त वाढली आणि तितकेच टाकेही वाढले. दुकानातली किंमत तिथून येते. वर 'ब्राइडल' या शब्दाचे वेगळे.

लेस हवीच असेल तर एक युक्ती सांगते. वरपासून लावू नकोस, कोपराच्या खालून सुरू कर. वरची कड खांद्याशी चुण्यांत लपते, तिथली लेस कुणी बघत नाही. लांब व्हेलला दोन्ही बाजूंचे मिळून सहज दोन मीटर वाचतात.

आणि लांबी आधी ठरव, खरेदी नंतर. मोजायचं ते फणी खोचणार त्या जागेपासून, कपाळापासून नाही. एकटीने आरशासमोर मोजू नकोस, टेप धरायला कुणाला तरी घे, आणि लग्नात घालणार तेच सँडल पायात हवेत. दुकानात सांगतात ते आकडे असे: कोपरापर्यंत ३० ते ३६ इंच, बोटांच्या टोकापर्यंत ३६ ते ४५, पोटरीपर्यंत ५४ ते ६०, जमिनीला टेकणारी ७२, थोडी मागे पसरणारी ९०, आणि १०८ ते १२० म्हणजे मागून सांभाळायला एक माणूस लागेल अशी. पण हे आकडे उंच बाईचे आणि डोक्यावर उंच खोचलेल्या फणीचे. तू पाच फूट दोन आणि अंबाडा मानेजवळ, म्हणजे टाचा धरूनही ६० इंचाच्या आतच तुझी जमीन येईल. ७२ ची घेतलीस तर फूटभर मागे लोळेल. दुकानातल्या लेबलावर जाऊ नकोस.

नुसतीवाचक
वाचते आहे. माझंही पुढच्या वर्षी आहे.

जुनं_ते_सोनं
काकूंना अनुमोदन, फक्त एक भर घालते. आधी मैत्रिणींना, बहिणींना, मावसबहिणींना विचार. व्हेल ही अशी वस्तू आहे की ती चार तास घातली जाते आणि मग पेटीत वीस वर्षं पडून राहते. मी माझी नात्यातूनच उसनी आणली होती. ड्रेस उसना घेतला तर मापाची भानगड असते, व्हेलला माप नाही. लांब असेल तर कमी करता येते, आणि हे बऱ्याच जणींना माहीत नसतं: कडेला लेस लावलेली व्हेल खालून कापायची नाही, वरून कापायची. फणी उसवायची, चुण्या सोडायच्या, वरची जास्तीची जाळी कापून टाकायची आणि पुन्हा चुण्या घालून फणीला जोडायची. लेस जशीच्या तशी राहते. (उसनी असेल तर अर्थातच आधी विचारा!)

जुनी विकत घेताना मात्र उजेडात धरून बघा. खालच्या कडेला काळपट रेघ असते, ती जमिनीची, बऱ्याचदा धुतल्यावर जाते. पण टाचेने फाटलेलं किंवा मेकअपचे डाग पडलेलं असेल तर दोनदा विचार करा. फाउंडेशनचे डाग बरोबर तोंडासमोर येतात.

भाड्याचं म्हणाल तर माझा अनुभव बरा नाही. एका ठिकाणी अनामत रक्कमच इतकी मागितली की त्यात नवी झाली असती.

अर्धवट_टाका
काकू, एवढा हिशेब दुकानात कुणी सांगितला नव्हता, खूप धन्यवाद. जुनं_ते_सोनं, घरात विचारलं. आमच्याकडे एक व्हेल निघाली पण ती शुभ्र पांढरी, आणि माझा ड्रेस ऑफव्हाइट. शेजारी धरली की ड्रेसच मळका वाटतो. म्हणजे घरीच करायची. जाळी कुठली घेऊ? दुकानात 'नेट' म्हटलं की समोर दहा ठाण टाकतात.

कापूसकोंडी
माझा विषय! जाळीतल्या जाळीत फरक असतो गं.

दुकानात सहज मिळते ती सजावटीची ट्युल, बहुतेक वेळा ५४ इंच पन्ह्याची, कडक. टेबलाला, फुग्यांना, फ्रॉकच्या आतल्या घेराला ठीक. डोक्यावर घातलीस की मच्छरदाणी. खाली पडतच नाही, बाजूला उभी राहते. तुला हवी ती ब्राइडल इल्युजन म्हणतात ती, मऊ, बारीक भोकांची, बहुतेक नायलॉनची, १०८ इंच पन्ह्याची. रुंद पन्ह्यामुळे मध्ये जोड येत नाही, आणि जोड हा व्हेलचा शत्रू. रेशमी ट्युल सगळ्यात सुंदर पडते, अंगाला चिकटून पाण्यासारखी, पण ती महाग, नाजूक, आणि तुझ्या बजेटात नाही, त्यामुळे तिला हातसुद्धा लावू नकोस. (मी लावला होता. अजून विसरले नाही.)

कडकपणा तपासायचा तर दुकानात ठाणातून मीटरभर सोडून मूठभर चुण्या करायच्या आणि हात वर धरायचा. सरळ खाली आली तर घे, फुलून राहिली तर ठेव. भरपूर फुगीर हवी असेल तर ती गोष्ट वेगळी, पण साध्या ड्रेसला फुगीर व्हेल चांगली दिसत नाही असं माझं ठाम मत आहे. वाद घालायला मोकळे आहात.

रंगाचं: एका थरात जाळीचा रंग कळतच नाही. हातावर ठेवलीस तर हाताचाच रंग दिसतो. चार घड्या कर आणि ड्रेसच्या कापडावर ठेव, तेही खिडकीशी, ट्यूबलाइटखाली नाही. चार घड्यांत जुळली तर चुण्यांमध्येही जुळेल. आणि थोडा फरक राहिलाच तर एका थराच्या व्हेलमध्ये तो कुणाला दिसत नाही, फक्त फणीजवळ दिसतो.

घरात निघालेली पांढरी व्हेल टाकू नकोस. तिचा एक कोपरा, अगदी बोटभर, कोऱ्या चहाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून बघ. नायलॉन असेल तर रंग धरेल आणि छान ऑफव्हाइट होईल. पॉलिएस्टर असेल तर चहा वाया, ते हट्टी असतं. लेस आणि जाळी वेगवेगळ्या धाग्यांच्या असतील तर रंगही वेगवेगळा चढेल, म्हणून आधी दोन्ही तपास.

चष्मिष्ट
लांब व्हेल नकोच असेल तर बर्डकेजचा विचार केलास का? डोळ्यांपर्यंत किंवा हनुवटीपर्यंत येणारी छोटी जाळी. मोठ्या चौकटींची, 'रशियन नेट' म्हणतात ती घ्यायची, साधारण ९ इंच रुंदीची पट्टी येते. एक मीटरसुद्धा पुरे. दोन्ही टोकांना चुण्या, दोन छोट्या फण्या, झालं.

फक्त माझ्यासारखा चष्मा असेल तर घालून बघ. माझ्या पापण्या, चष्मा आणि जाळी यांचं त्रैराशिक कधीच सुटलं नाही. शेवटी अर्ध्या कपाळावर तिरकी बसवली आणि हीच फॅशन आहे असं सगळ्यांना सांगितलं.

अर्धवट_टाका
बर्डकेज गोड आहे, पण मला मागे काहीतरी पसरलेलं हवंय. ड्रेसला शेपूट नाही ना.

इतिहासवेडा
अवांतर होईल, पण बजेटशी संबंध आहे म्हणून लिहितो. ही बारीक जाळी पूर्वी हातानेच विणत, बॉबिनांवर, त्यामुळे ती श्रीमंतांचीच होती. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने १८०९ मध्ये ती यंत्रावर विणण्याचं पेटंट घेतलं आणि जाळी स्वस्त झाली. १८१६ मध्ये लफबरोतल्या त्याच्या कारखान्यातली यंत्रं लडाइट मंडळींनी (म्हणजे यंत्रांना विरोध करणाऱ्या कामगारांनी) फोडली, आणि तो सगळा पसारा घेऊन टिव्हर्टनला गेला.

सांगायचा मुद्दा पुढे आहे. जाळी स्वस्त झाल्यावर लेस करणाऱ्या बायकांनी नवी पद्धत धरली: जाळी यंत्राची घ्यायची आणि हाताने केलेली फुलं-पानं तेवढी तिच्यावर टाचायची. पूर्ण लेस विणण्यापेक्षा किती तरी कमी काम. इंग्लंडमधल्याच होनिटन भागातली लेस अशीही होत असे. राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये लग्नात होनिटन लेसची व्हेल घातली आणि पांढरा ड्रेस, लेसची व्हेल हे सगळं रूढ व्हायला तिथून जोर मिळाला. म्हणजे साध्या जाळीवर मोजकी फुलं लावणं ही काही गरिबाची पळवाट नाही, दोनशे वर्षांची रीत आहे.

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही काही वर्षं, १९४१ ते १९४९, ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग होतं, तेव्हा पॅराशूटच्या रेशमाचे लग्नाचे ड्रेस झालेत.

उगाचच
माझीही ऐतिहासिक भर: २०१८ मध्ये सायप्रसमधल्या एका नवरीने जवळजवळ सात किलोमीटर लांब व्हेल लावून विश्वविक्रम केला. ६,९६२.६ मीटर. काकू, लेस किती लागेल?

शिंपीणकाकू
तुझ्या तोंडाला लावायला थोडी उरेल.

इतिहासवेडा, तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि त्यावरून आठवलं. अर्धवट, तुझ्या ड्रेसच्या पाठीवर लेस आहे ना? ज्यांनी शिवला त्यांच्याकडे कापून उरलेले तुकडे असतील, ते माग. लेसच्या कापातून तुकडे नेहमी उरतात आणि पडून राहतात. त्यातली फुलं कातरून व्हेलवर टाचलीस तर ड्रेस आणि व्हेल एकाच हाताने केल्यासारखे दिसतील, रंग जुळवायचा प्रश्नही नाही. फुलाच्या कडेने दोऱ्याच्या अगदी जवळून कातर, जाड दोरा मात्र कापू नकोस.

अर्धवट_टाका
काकू!! विचारलं, आणि एक पिशवीभर तुकडे मिळाले. फुकट. एकूण अकरा मोठी फुलं आणि बरीच पानं निघाली.

जाळीही घेतली, १०८ इंच पन्ह्याची इल्युजन, अडीच मीटर. जुन्या चादरीची व्हेल करून चिमट्यांनी केसांना लावली आणि बहिणीने मागून दहा पावलांवरून फोटो काढले. ४० इंच, ६० इंच, ९० इंच. ९० ची सगळ्यात सुंदर दिसते. तीच करतेय.

शिंपीणकाकू
चादरीची तालीम केलीस हे छान. पण बाग आहे म्हणालीस. हिरवळीवर ट्युल ओढलीस की काड्या, वाळकी पानं, मुंग्या, सगळं गोळा करत येते. फोटोग्राफर आधी तुझ्या मागची काडी टिपेल. एकदा विचार कर.

अर्धवट_टाका
सतरंजी घालणार आहेत वाटेवर. ९० च करते काकू, मन बसलंय.

शिंपीणकाकू
मन बसलं की बसलं. मग कापायचं कसं ते नीट सांगते.

पलंगावर नाही, जमिनीवर. फरशी पुसून, कोरडी करून, वर धुतलेली चादर. हात धुऊन. (२०१८ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्यातल्या लग्नाची पाच मीटरची व्हेल भरताना भरतकाम करणाऱ्या बायका दर अर्ध्या तासाला हात धूत होत्या. तुझे-माझे हात त्याहून स्वच्छ नाहीत.) जाळी लांबीच्या दिशेने मधोमध दुमड, म्हणजे दोन्ही बाजू एकसारख्या कापल्या जातील. टाचण्या भोकांतून निसटतात, त्यापेक्षा कडेने पुस्तकं ठेव.

कोपरे गोल करायचे, आणि इथे नवीन लोक फसतात. फक्त खालचे कोपरे गोल केलेस तर बाजू सरळ रेषेत पडद्यासारख्या लोंबतात. गोलाई वरून, फणीच्या जवळूनच हळूहळू सुरू केलीस तर कड खांद्यापासून लाटांसारखी उतरत जाते. कागदावर आधी आकार काढ, वर्तमानपत्र जोडून. कागदाची चूक कागदातच राहते.

कात्री लांब पात्याची आणि धारदार, कापताना तोंड पूर्ण मिटायचं नाही, सरकवत न्यायचं. दर वेळी मिटलीस की तिथे खाच पडते. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) असेल तर उत्तमच. ट्युलचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कड नुसती कापून सोडली तरी चालते, हलकी दिसते. रेघ हवीच असेल तर पिको करून घे, पण आधी तुकड्यावर करून बघ, ताणली गेली तर कड लाटा मारते.

वरची कड सरळ ठेवायची. पाव इंचावर हाताने दोन ओळी धावदोरा, दुहेरी मजबूत दोरा, टाके मोठे. मशीनवर नको, जाळी दातांत ओढली जाते. दोन्ही दोरे एकदम ओढून फणीच्या रुंदीपेक्षा नखभर कमी होईपर्यंत चुण्या आण, गाठ मार, मग फणीच्या प्रत्येक दोन दातांमधून दोरा काढत गुंडाळून शिव. पूर्ण १०८ इंच रुंदी चार इंचाच्या फणीवर आणायची तर गोळा होतो, तुझ्या साध्या ड्रेसला ७२ इंच रुंदी भरपूर. फणी धातूची घे, प्लॅस्टिकची केसांत घसरते.

चेहऱ्यावर घ्यायची असेल तर पुढचे ३० इंच वेगळे कापायचे नाहीत, लांबीतच धरायचे आणि दुमडीवर धावदोरा घालायचा. तुला नको असेल तर सोडून दे, बागेत वाऱ्याने तोंडात येते.

कापूसकोंडी
चुण्या अजिबात नको असतील तर 'ड्रॉप व्हेल' पण असते, नुसता गोल किंवा लांबट तुकडा डोक्यावर टाकून दोन पिनांनी अडकवायचा. शिवण शून्य. अर्धवट टाक्यांसाठी आदर्श. पण मनावर बसलंय म्हणताय तर असो.

अर्धवट_टाका
(दहा दिवसांनी) मंडळी, रडू येतंय. व्हेल कापून झाली, चुण्या झाल्या, फणी बसली, इतकी सुंदर झाली होती. घडीच्या सुरकुत्या होत्या म्हणून म्हटलं फुलं लावण्याआधी एकदा इस्त्री फिरवू. सगळ्यात कमी आचेवर ठेवली होती, शपथ. पण बहिणीने आधी सुती शर्ट केला होता आणि इस्त्री थंड व्हायची थांबले नाही. टोक टेकलं आणि सर्रकन. लिंबाएवढं भोक, कडा वितळून काळपट. खालच्या कडेपासून ३४ इंचावर, बरोबर मधोमध.

नुसतीवाचक
अरेरे :(

जुनं_ते_सोनं
आधी पाणी पी. जाळी आहे, घर जळलं नाही.

वरून कमी करायची युक्ती इथे उपयोगाची नाही, भोक खाली आहे. पण तुझी कड तर साधी कापलेलीच आहे, लेस नाही. त्यामुळे खालून कापायला काहीच अडचण नाही.

कापूसकोंडी
कापू नकोस! तुझ्याकडे अकरा फुलं आहेत ना? एक मोठं फूल भोकावर, मागून दुसरं, बाकीची आजूबाजूला विखुरल्यासारखी. कुणाला कळणार नाही. वितळलेली कडक कड आधी बारीक कात्रीने काढून टाक, ती फुलाखालून टोचत राहते आणि जाळी तिथूनच फाटते.

शिंपीणकाकू
कापूसकोंडीचं चूक नाही, भोक आणखी कुठेही असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण मधोमध, पाठीच्या खाली, दोन फुलांचा ठोकळा येईल. फुलं वजनदार असतात आणि ट्युल हलकी, तेवढ्या जागी व्हेल ओढली जाईल. मग ते लपवायला तिथेच अजून फुलं लावशील आणि कड उघडी राहील.

९० मधले ३४ गेले की ५६ उरतात, गोल करून ५४ धर. तुझी जमीन ६० च्या आत. म्हणजे हिरवळीपासून चार-पाच बोटं वर राहील. मी सुरुवातीला जे म्हणत होते तेच इस्त्रीने केलं. बोलून दाखवत नाही.

उगाचच
बोलून दाखवलंत.

चष्मिष्ट
माझं मत काकूंना. आणि सगळ्यांसाठी: ट्युलला इस्त्री नकोच. अंघोळीच्या खोलीत दांडीवर उंच टांगायची, गरम पाणी सोडून दार लावून घ्यायचं, अर्धा तास. सुरकुत्या बहुतेक सगळ्या जातात. राहिल्या तर स्टीमर, तोही चार बोटं लांबून. तरी इस्त्रीच हवी असेल तर सुती कापड मध्ये ठेवून, आणि आधी तुकड्यावर.

अर्धवट_टाका
कापली. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून, पण श्वास धरून. ५४ इंच झाली. रात्रभर न्हाणीत टांगली, सकाळी सरळ.

खाली कापून उरलेल्या पट्ट्यात भोक नसलेला भाग पुष्कळ आहे, त्यावर फुलं टाचायचा सराव केला. आधी चिकटवायचा गोंद वापरून बघितला: वाळल्यावर उन्हात चमकतो आणि तो भाग कडक होतो. मग पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने हातानेच शिवली. दोरा दिसत नाही हे चांगलं, मलाही दिसत नाही हे वाईट. काळ्या टॉवेलवर व्हेल ठेवली तेव्हा टाके सापडायला लागले. सात फुलं लावली, सगळी खालच्या वीतभरात, वर जाताना विरळ. चार शिल्लक.

इतिहासवेडा
होनिटनच्या बायकांचा आशीर्वाद.

शिंपीणकाकू
शाबास गं. आता वाऱ्याचं बघ. बागेत दुपारी वारा असतोच. खालच्या कडेला बारीक मोती पाच-सहा ठिकाणी शिव, फुलांच्या मधोमध लपव. जड खडे नकोत, जाळी लोंबते आणि मोठी भोकं पडतात. आणि मेणबत्त्या लावणार असाल तर तू लांब. नायलॉन पेटतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. यात थट्टा नाही.

फणी घसरू नये म्हणून फणीच्या वरच्या पट्टीला जाळीची चिंधी गुंडाळ. केसात जिथे खोचायची तिथे आधी बारीक वेणी घालून तिचा गोळा पिनांनी बसवायचा, त्यात फणी खोचायची, आणि फणीवरून दोन पिना कैचीसारख्या. केस करणारीला व्हेल आधी दाखव. त्या दिवशी पहिल्यांदा दाखवलीस तर ती तिच्या सोयीने कुठेही खोचते आणि तुझं सगळं मोजमाप फुकट.

अर्धवट_टाका
(लग्नानंतर) उशिरा लिहितेय, माफ करा.

सतरंजी कमी पडली. शेवटची दहा-बारा पावलं हिरवळीवरून चालावं लागलं, रात्री पाऊस झाला होता. ड्रेसची कड ओली झाली, व्हेलला काही नाही. काकू, बोला आता.

मोती पाचही टिकले. फणी हलली नाही, उलट रात्री काढताना केसांसकट आली. फोटोत फुलं ड्रेसवरून व्हेलवर उतरल्यासारखी दिसतात. दोघा-तिघांनी विचारलं, सेट कुठून घेतला. एकूण खर्च जाळी, फणी, दोरा आणि मोती. दुकानातल्या त्या व्हेलच्या किमतीत अशा कितीतरी झाल्या असत्या.

एक चूक राहिली ती सांगते: फणी उलटी शिवली होती. पोकळ बाजू बाहेर. सकाळी केस करताना कळलं, उसवून पुन्हा शिवली, बहीण दोरा ओवत होती आणि मी रडत-हसत होते.

शिंपीणकाकू
बोलत नाही गं. सुखी राहा. फोटो मात्र टाक, पाठमोरा चालेल.

नुसतीवाचक
अभिनंदन! पूर्ण धागा तीनदा वाचला. फणीचं नीट कळलं नाही, शिवण्याआधी कसं ओळखायचं?

अर्धवट_टाका
पोकळ बाजू डोक्याकडे. मोकळी फणी आधी केसात खोचून आरशात बघ, वर जी बाजू दिसते तिथे लाल दोरा बांध, आणि शिवून होईपर्यंत तो सोडू नकोस. तुझा ड्रेस ऑफव्हाइट असेल तर सांग, चार फुलं आणि मीटरभर जाळी उरली आहे. व्हेलही पेटीतच पडणार आहे. उंची किती तुझी?

नुसतीवाचक
पाच फूट सात :( पण फुलं चालतील!